वरचा एक

डॉक्टर मुरगुंड्यांनी चावी फिरवली आणि जिप्सी शिंकली. नुसती शिंकली, बाकी काही नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, ती पुन्हा शिंकली. तिसऱ्या वेळी तिनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत. स्टार्टर एकटाच घरघरत राहिला.

दसऱ्याची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात झाडून सगळ्या शेडना झेंडूची तोरणं लागली होती. आमच्या शेडमध्ये ही हिरवी जिप्सी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला हार आणि चारी चाकांपुढं एकेक लिंबू घेऊन नटूनथटून उभी होती. शेजारी मी, नवाकोरा कुर्ता घालून, तोंड पाडून.

"कॉम्प्युटरला पण दसऱ्याची सुट्टी हाय वाटतं," सर्जेराव म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर हातातला पाना त्याच्या अंगावर गेला असता.

शेड धोंडीराम लोहारांची. त्यांना सगळं उद्यमनगर वस्ताद म्हणायचं. चाळीस वर्षं त्यांनी कार्बोरेटर उघडले आणि मिटले होते. गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून सांगायचे, की आत कुठं कचरा अडकलाय, आणि वैताग म्हणजे ते बरोबर निघायचं. त्यांच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. त्यातली एक म्हणजे त्यांना आकड्याच्या शेवटी शून्य सोसायचं नाही. टायरात तीस हवा भरा म्हटलं की एकतीस भरणार. दहा चहा सांगायचे असले की अकरा सांगणार आणि अकरावा स्वतः पिणार. शून्यावर थांबलं की काम तिथंच बसतं म्हणायचे, वरचा एक घातला की पुढं सरकतं. आहेराच्या पाकिटात आपण जसा वरचा एक घालतो, तसं त्यांचं सगळीकडंच चालायचं.

सर्जेराव त्यांचा पंधरा वर्षांपासूनचा फिटर. आणि मी हर्षदा मगदूम, डिप्लोमा करून आलेली, वय तेवीस, शेडमध्ये सहा महिने झालेले. एक तर पोरगी, त्यात लॅपटॉपवाली, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहुणीच.

डॉक्टर मुरगुंडे हे इचलकरंजीचे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघायचे आणि रविवारी ही जिप्सी घेऊन डोंगर चढायचे. पण पन्हाळ्याच्या चढाला जिप्सीचा कार्बोरेटर धापा टाकायचा. मीच त्यांच्या डोक्यात भरवलं, की तो काढून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसवू आणि त्यावर बाहेरून आणलेला कॉम्प्युटर बसवू. कंपनीच्या गाड्यांतला कॉम्प्युटर आपलं काही ऐकत नाही. हा ऐकतो. पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं आपण त्याला लॅपटॉपवरून शिकवायचं. डॉक्टर खूश झाले. वस्ताद नाही झाले. सहा महिने ते त्या कॉम्प्युटरच्या डबीला 'तुझी पेटी' म्हणत होते आणि तिच्या अंगावरून जाताना धोतराचा सोगा आवरावा तसे जपून जात होते.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. आमच्या आप्पांनी मिरजेला एका विमा कंपनीत माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. ते शेडवर आले आणि वस्तादांना म्हणाले, पोरगी इथं खरंच काही करतीय का नुसते हात काळे करतीय, तेवढं सांगा, तुम्ही म्हणाल तसं करतो. वस्तादांनी तपकीर ओढून निकाल दिला. दसऱ्याला डॉक्टर सीमोल्लंघनाला इथनंच गाडी काढणार. साडेचारच्या आत जिप्सी आपल्या पायानं शेडबाहेर पडली तर पोरगी माझी. नाही पडली तर कार्बोरेटर परत चढंल आणि पोरगी मिरजेला जाईल. आप्पा समाधानानं घरी गेले. मीही खुशीत होते, कारण अष्टमीच्या संध्याकाळी जिप्सी अशी गुरगुरत होती, की शेजारच्या शेडमधली माणसं काम टाकून बघायला आली होती. त्या संध्याकाळी तर वस्तादांनीही माझ्या शेजारी बसून लॅपटॉपमध्ये डोकावलं होतं आणि हे काय, ते काय, विचारलं होतं. मी त्यांना सगळं उत्साहानं दाखवलं. सहा महिन्यांत तेवढं एकदाच.

मधला दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा. पाने, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊनपुसून मांडायचं, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. त्यांनाही विसावा पाहिजे. मी माझा लॅपटॉप पूजेला ठेवला. सर्जेरावनं लगेच काढलेला कार्बोरेटर रॉकेलनं धुऊन, हार घालून त्याच्या शेजारी आणून ठेवला आणि माझ्याकडं बघून हसला. वस्ताद म्हणाले, यंत्र जागं असताना पूजा पोचती, जिप्सीची चावी चालू असू दे, लॅपटॉपची वायर पण जोडलेली असू दे. मग त्यांनी आम्हां दोघांना गल्लीपलीकडच्या त्यांच्या घरी पिटाळलं, एकाला नैवेद्याचं ताट आणायला आणि एकाला पाण्याची घागर. आम्ही परत आलो तेव्हा पूजा आटपली होती, चावी बंद होती आणि वस्ताद डोळे मिटून हात जोडून उभे होते.

म्हणजे अष्टमीला चालणारी गाडी आणि दसऱ्याला न चालणारी गाडी, यांच्यामध्ये हळदकुंकवाशिवाय काही म्हणजे काही घडलं नव्हतं.

मग मी हळदकुंकवालाच धरलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक दातेरी चाक असतं. ते मी स्वतः शेजारच्या मिलिंग मशीनपाशी उभं राहून कापून घेतलं होतं. साठ दातांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम काढलेले. समोर एक सेन्सर बसतो. ती दोन दातांची फट त्याच्यापुढून गेली की कॉम्प्युटरला कळतं, की फेरा इथून सुरू झाला. मग तो दात मोजत जातो आणि बरोबर वेळेला ठिणगी पाडतो. मोजणी जुळली की लॅपटॉपवर हिरवा दिवा लागतो. त्या सकाळी तो दिवा लागत होता आणि लगेच विझत होता. मी सेन्सर काढला तर त्याच्या टोकाला चांगलं बोटभर कुंकू.

"सापडलं," मी म्हटलं, आणि सगळ्यांना फिरून दाखवलं. डॉक्टरांनी आपला खिशातला रुमाल दिला. मी सेन्सर पुसला, बसवला, चावी फिरवली. जिप्सी शिंकली.

"आता हळद पण काढून बघा की," सर्जेराव म्हणाला.

डॉक्टरांचं लक्ष मात्र भलतीकडंच गेलं होतं. ते वाकून ते चाक बघत होते. दोन दात मुद्दाम काढले म्हटल्यावर त्यांना फारच आपुलकी वाटली. कुठले काढले, का काढले, शेजारचे हलत नाहीत ना, सगळं विचारून झालं. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता, पण आमच्या शेडमध्ये सकाळपासून शहाणा प्रश्न विचारणारा तो एकच माणूस होता, हे मला पुढं कळायचं होतं.

बारा वाजले. मी सेन्सर आणि चाक यांच्यातली फट मोजली. बरोबर होती. वायर बदलली. बॅटरी शेजारच्या ट्रकमधली आणून लावली. अर्थिंगची वायर खरवडून पुन्हा आवळली. डॉक्टर म्हणाले, जरा ढकलून बघूया का. वस्तादांनी साफ नाही म्हटलं. चाकांपुढं लिंबं ठेवलीत, ती चिरडायची तर तिनं स्वतःच्या जोरावर, माणसांनी ढकलून नव्हे. ढकलून उपयोगही नव्हता, पण मी त्या दिवशी दगडालाही ढकलून बघितलं असतं.

आणि वस्ताद विचित्र वागत होते. आधी ते स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले. सहा महिन्यांत त्यांनी मला हात धू म्हणण्यापलीकडं काही दिलं नव्हतं. मग टोपी काढून खाजवून पुन्हा घातली. मग माझ्या मागं येऊन उभे राहिले, खाकरले, गेले, पुन्हा आले.

"पोरी, ते आकडंबिकडं बघितलंस का एकदा?" हळूच म्हणाले.

"आकड्यांना काय धाड भरलीय, वस्ताद?" मी डोकं वर न काढता म्हटलं. "त्यांना काय गंज चढतोय व्हय? परवा होते तेच असणार. हे कुठंतरी वायरीतच आहे. मी बघतो की."

आमच्याकडं पोरीही असंच बोलतात, बघतो, करतो, जातो. वस्ताद बरं म्हणाले आणि गेले. शहाण्या माणसानं त्या क्षणी अष्टमीला लॅपटॉपवर जपून ठेवलेली आकड्यांची फाइल पेटीत पुन्हा चढवून बघितली असती, पाच मिनिटांचं काम होतं. पण मी शहाणी नव्हते, तेवीस वर्षांची होते. आकडे माझे होते, मी घातलेले होते, आणि माझं चुकत नसतं असा माझा पक्का समज होता.

त्यामुळं चूक दुसऱ्या कुणाची तरी असणं भाग होतं. एकच्या सुमाराला मी सर्जेरावपुढं जाऊन उभी राहिले आणि सरळ विचारलं, की नवमीला तू गाडीत काय केलंस. तो जेवणाचा डबा उघडत होता. आधी त्याला कळलंच नाही. कळल्यावर त्यानं डबा मिटला.

"मी थट्टा करतो, हसतो, ते खरं हाय," तो म्हणाला. "पण पूजेतल्या गाडीला हात लावणारा मी न्हाई. जोतिबाची शपथ. आणि मला पान्यातलं कळतंय, बटनातलं न्हाई."

त्याचा चेहरा पडला होता. मला लाज वाटली, पण तेव्हा ती कबूल करायला मला फुरसत नव्हती. थोड्या वेळानं मी गाडीखाली आडवी होते तर कुणीतरी गुपचूप टॉर्चचा उजेड वायरीवर धरला. बघितलं तर सर्जेराव. डबा तसाच मिटलेला होता.

दोन वाजता वस्तादांनी कमालच केली. ते आले, जिप्सीच्या मडगार्डवर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे पोरी. अटबिट काही न्हाई. गाडी आज लागू दे न्हाईतर दिवाळीला लागू दे. तू काय मिरजेला जायचं न्हाईस."

कुणीही पाया पडून हो म्हटलं असतं. मला ते झोंबलं. मला वाटलं, म्हातारा कीव करतोय. पोरगी हरली, रडंल बिचारी, म्हणून सूट देतोय. मी गाडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि ताठ मानेनं म्हटलं, "अट म्हणजे अट, वस्ताद. नाही लागली तर मी सोमवारी मिरजेत असेन."

वस्ताद भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहिले. तिथंच पुढचे दोन तास उभे होते. एवढं त्या कॅलेंडरात काय होतं कोण जाणे.

साडेतीन वाजले. गल्लीतली माणसं नवे कपडे घालून निघायला लागली. डॉक्टरांच्या घरून दोनदा फोन आला. माझं सगळं करून झालं होतं. वायरी, सेन्सर, बॅटरी, पेट्रोल, सगळं चांगलं होतं, आणि गाडी बंद होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खरं सांगते, मला रडू यायला लागलं. विम्याचे अर्ज भरत बसलेली मी मला दिसायला लागले. सर्जेरावनं न विचारता पूजेतला कार्बोरेटर उचलला, त्याचा हार काढून बाजूला ठेवला आणि तो फडक्यात धरून उभा राहिला. त्याला त्यात आनंद नव्हता, हे मला दिसलं.

डॉक्टर शेजारच्या सीटवर येऊन बसले. माझं रडणं बघून त्यांना काय बोलावं कळेना, म्हणून पेशंटशी बोलतात तसं इकडचंतिकडचं बोलायला लागले.

"त्या चाकाला एकूण दात किती म्हणालात?"

"साठ," मी नाक पुसत म्हटलं. "त्यातले दोन काढलेले."

डॉक्टरांनी चष्मा वर ढकलला आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपकडं बोट केलं. "मग इथं एकसष्ट का लिहिलंय?"

मी बघितलं. पहिलंच पान होतं. गाडीची मूळ माहिती असते ते, एकदा भरलं की पुन्हा बघायचं कारण नसतं. चाकाचे दात, एकसष्ट. नजर खाली सरकत गेली. इंजिन उभ्या गाडीत किती फेऱ्यांनी फिरावं, नऊशे एक. जास्तीत जास्त किती, सहा हजार पाचशे एक. पंखा कितीला लागावा, एक्क्याण्णव. काढलेले दात दोन, ते दोनच होते. सिलिंडर चार, ते चारच होते. ज्या ज्या आकड्याच्या शेवटी शून्य होतं, त्या प्रत्येकावर कुणीतरी एक वाढवून ठेवला होता.

बाकीच्यांनी काहीच बिघडत नव्हतं. नऊशेच्या जागी नऊशे एक झाल्यानं इंजिनाला कळतही नाही. पण दात एकसष्ट म्हटल्यावर कॉम्प्युटर दर फेऱ्याला एक दात जास्त शोधत होता, तो सापडत नव्हता, आणि गोंधळून मोजणी सोडून देत होता. गरीब बिचारा दिवसभर नसलेला दात शोधत होता आणि मी दिवसभर नसलेली वायर.

अष्टमीच्या संध्याकाळी वस्तादांनी मला विचारलं होतं, की हे आकडे बदलायचे कसे. मी म्हटलं होतं, हा वरचा बाण एकदा दाबला की एकानं वाढतं, मग हे बटन दाबलं की पेटीत उतरतं. त्यांनी मान डोलावली होती. आणि नवमीला चावी चालू, वायर जोडलेली, आम्ही दोघं नैवेद्य आणायला गेलेले.

मी मान वर केली. वस्ताद कॅलेंडरसमोर आमच्याकडं पाठ करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

हसू आणि राग दोन्ही एकदम आले. सकाळपासूनचा चहा, टोपी खाजवणं, आकडंबिकडं बघितलंस का, अट राहू दे, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ओरडून सांगावं असं जिभेवर आलं होतं. सर्जेराव समोर होता, डॉक्टर शेजारी होते, गल्लीत माणसं होती, आणि चाळीस वर्षांत ज्यांचं निदान चुकलं नव्हतं ते वस्ताद मला पाठमोरे उभे होते. ती पाठ बघून माझा राग विरला. मी खालचा बाण एकदाच दाबला. एकसष्टचे साठ केले आणि पेटीत उतरवले. नऊशे एक, साडेसहा हजार एक, एक्क्याण्णव, सगळे तसेच ठेवले. मग चावी एकदा बंद करून पुन्हा फिरवली.

जिप्सी पहिल्याच झटक्याला लागली. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी गियर टाकला, आणि चारी लिंबं फटाफट चिरडत गाडी शेडबाहेर पडली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

सगळे धावत आले. काय होतं, काय होतं, म्हणून सर्जेराव विचारत होता. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कॅलेंडरकडं बघितलं, आणि शिकलेला माणूस असल्यानं गप्प बसले.

"वायर," मी म्हटलं. "एक वायर ढिली होती."

वस्ताद कॅलेंडर सोडून आमच्याकडं आले होते. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग त्यांचा आवाज परत आला, नेहमीचा, शेडच्या पत्र्यावर आपटणारा.

"वायर ढिली ठेवतीस व्हय? डिप्लोमा केलास म्हणं! दिवसभर सगळ्यांच्या जिवाला घोर लावलास. पुढच्या येळेला वायर नीट आवळायची."

मी आ वासून बघत राहिले. पण मीच खड्डा खणून मीच त्यात उतरले होते. हो वस्ताद, म्हटलं.

संध्याकाळी सोनं वाटायला लागलो तेव्हा आपट्याची पहिली पानं मी सर्जेरावच्या हातात दिली आणि दुपारचं माफ कर म्हटलं. तो म्हणाला, जाऊ दे, तुझ्या जागी मी असतो तर मी पण माझ्यावरच संशय घेतला असता. वस्तादांनी मला पानं दिली आणि एवढंच म्हणाले, "मिरजेला कळवून टाक." दुसऱ्या दिवशी मी कळवलं.

त्यानंतर बारा वर्षं मी ती वायर ऐकली. नवीन गिऱ्हाईक आलं की वस्ताद माझी ओळख करून द्यायचे, ही हर्षदा, कॉम्प्युटरमधली लई हुशार, फक्त एकदा दसऱ्याला हिनं वायर ढिली ठेवली होती. पुण्याच्या लोकांसमोर सांगितलं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितलं. मी हसायचे आणि मनातल्या मनात दात खायचे. माझा सूड इतकाच, की माझ्या हातून निघालेली प्रत्येक गाडी नऊशे एकवर उभी राहते. एकदा पुण्याच्या, असंच इंजिनं ट्यून करणाऱ्या एकानं फोन करून विचारलं, की मॅडम, हा वरचा एक कशासाठी, काही खास युक्ती आहे का. मी म्हटलं, कोल्हापूरचं पाणी.

गेल्या साली वस्तादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. शेड आता मी आणि सर्जेराव चालवतो. खंडेनवमीला वस्ताद रिक्षानं आले, खुर्चीवर बसले. मी पूजा मांडली, लॅपटॉप ठेवला. सर्जेराव नैवेद्य आणायला गेला तेव्हा आम्ही दोघंच होतो.

"वायर ढिली नव्हती," वस्ताद म्हणाले.

"माहितीय की."

"मग बारा वर्षं ऐकून घेतलंस?"

"तुम्ही बारा वर्षं सांगत होता की."

ते हसले. हसताना खोकला आला, मी पाणी दिलं. मग म्हणाले, त्या दिवशी सकाळी साडेदहालाच त्यांना पेटीतले आकडे आठवले होते. हे आपल्यामुळंच झालंय असं वाटत होतं, पण सर्जेरावपुढं तोंड उघडवेना. दिवसभर त्यांना वाटत होतं, पोरीनं एकदा आकडे बघावेत. आणि पोरगी वायरीतनं डोकं काढत नव्हती.

"पण केलंत कशाला?" मी विचारलं. हे मला बारा वर्षं विचारायचं होतं.

"सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. तुझ्या पेटीला पण लावलं," ते म्हणाले. "मग वाटलं, हिला कुंकवातलं काय कळतंय? हिला नुसते आकडे कळतात. म्हणून तिला कळंल असा आहेर केला. घरातल्या लेकीचं हत्यार, त्याला मोकळ्या हातानं कसं बसवायचं?"

अट दसऱ्याची होती. आहेर नवमीला झाला होता. गाडी लागंल का नाही, मी राहीन का मिरजेला जाईन, हे ठरायच्या आदल्या दिवशीच त्यांनी मला घरात घेऊन टाकलं होतं, आणि मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच आहेराशी सकाळपासून भांडत होते. मला रडू आलं. या वेळी मी नाक पुसण्याच्याही भानगडीत पडले नाही.

वस्तादांनी मला रडू दिलं. मग लॅपटॉपकडं हात करून म्हणाले, वाच. मी वाचलं. नऊशे एक. साडेसहा हजार एक. एक्क्याण्णव.

"आणि दात?"

"साठ."

"म्हणजे तेवढा एक आहेर परत केलास व्हय," ते म्हणाले, आणि खुर्चीवर मागं रेलले.

ते माझ्या डोक्यातून जाईना. या वर्षी मी शेजारच्या मिलिंगवाल्याकडं गेले आणि म्हटलं, एकसष्ट दातांचं चाक काप, दोन काढलेले. तो म्हणाला, चुकलंय तुमचं, साठ असतात. वर म्हणाला, एकसष्ट भाग माझ्या मशीनवर सरळ पडत नाहीत, जादाचे गियर लावून दिवसभर खपायला लागेल. म्हटलं, खप. कॉम्प्युटरचं काय, त्याला सांगाल ते तो मानतो, फक्त चाक तसं पाहिजे. जिप्सी डॉक्टर मुरगुंड्यांचीच. एक दात वाढणार म्हटल्यावर त्यांनी आनंदानं गाडी आणून दिली.

काल दसरा होता. चारी चाकांपुढं लिंबं होती. मी वस्तादांना धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट वरच्या बाणावर नेलं. त्यांनी एकदाच दाबलं. साठचे एकसष्ट झाले. पुढचं बटन मी दाबलं आणि चावी फिरवायला सांगितली.

जिप्सी शिंकली नाही. पहिल्या चावीला लागली, आणि हिरवा दिवा लागला तो हललाच नाही. वस्तादांनी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकला, पूर्वी ऐकायचे तसा. सर्जेराव आणि डॉक्टर दोघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"बरं हाय," वस्ताद शेवटी म्हणाले. "या येळेला वायर नीट आवळलीस."